शक्तीवाल्याला तुऱ्याचा सवाल

मी काय काम करते असं कुणी विचारलं, की मी आधी समोरच्याकडे किती वेळ आहे ते बघते. लिफ्टमध्ये विचारलं तर "हॉस्पिटलच्या लाइनीत आहे" म्हणून मोकळी होते. लग्नाच्या पंगतीत विचारलं तर सुटका नसते. रिक्रिएशनल थेरपी म्हटलं की लोक म्हणतात, "म्हणजे फिजिओ का?" मराठीत मनोरंजन उपचार म्हणावं, तर आमच्या नातेवाइकांना वाटतं मी ऑर्केस्ट्रात गाते. एका आत्याने तर तिच्या मुलाच्या हळदीला येशील का, किती घेतेस, असंही विचारून घेतलं.

काम समजायला काही अवघड नाही. आजाराने, अपघाताने किंवा वयाने माणूस अर्धामुर्धा होतो. डॉक्टर त्याला वाचवतात, फिजिओ त्याला चालवतात. पण चालून जायचं कुठे आणि दिवसभर करायचं काय, हे त्याला कुणी सांगत नाही. तिथून आमचं काम सुरू होतं. त्याला पूर्वी कशात रस होता ते हुडकायचं, आज जमेल अशा बेताने ते पुन्हा त्याच्या समोर ठेवायचं, आणि त्या निमित्ताने हात, जीभ, डोकं, जे काय हलेल ते हलवायचं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

त्याआधी मी अंधेरीला एका कंपनीत एचआरमध्ये होते. माझ्याकडे इतर कामांबरोबर 'फन फ्रायडे' होता. दर शुक्रवारी दुपारी सगळ्यांना जागेवरून उठवायचं आणि मजा करायला लावायची. फुगे फोडा, हाउजी खेळा, कागदाच्या टोप्या घाला. माझ्याकडे बघताच माणसं फोन कानाला लावायची. मला त्यांचा राग यायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला स्वतःचाही कंटाळा यायचा. माणसाला हुकमावर मजा येत नाही, एवढं तिथे पक्कं कळलं. मग ती येते कशी, हे मात्र कुणी सांगेना. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दुसरंच काहीतरी शोधताना हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दिसला आणि मी नोकरी सोडली.

घरी सांगितलं तेव्हा बाबा पेपर वाचत होते. आमचं घर मुलुंडला. बाबा मूळचे गुहागरकडचे, आधी गिरणीत, गिरणी गेल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात, आता घरी. पेपर खाली न करता ते म्हणाले, "खेळायची पदवी मिळते काय गो आता?" मी म्हटलं, "खेळायची नाही बाबा, खेळायला लावायची." ते म्हणाले, "मग तेच तर करत होतीस अंधेरीत. तिथे वर पगार देत होते." त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी भांडले. आमच्या घरात हीच पद्धत आहे.

पहिल्या वर्षी पुस्तकं फार होती. मेंदूचा कुठला भाग गेला की काय जातं, माणूस एखाद्या गोष्टीत रमतो तेव्हा त्याच्या शरीरात काय होतं, वगैरे. आवडलं, पण झोपही यायची. मग आमच्या मॅडमनी एक काम दिलं. एखाद्या बागेत जाऊन बसायचं आणि माणसं कुणीही सांगितलेलं नसताना काय करतात ते बघायचं. मध्ये बोलायचं नाही, मदत करायची नाही, नुसतं बघायचं. मी बोरिवलीला मावशीकडे राहायला गेले आणि तिच्या सोसायटीमागच्या बागेत बसू लागले. तिथे एक साठीच्या बाई यायच्या. भाजीची पिशवी बाकावर ठेवायच्या, चपला काढायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि कुणी ओळखीचं नसलं की लहान मुलांच्या झोपाळ्यावर बसायच्या. तोंडावर हसू वगैरे काही नाही, बँकेत नंबर लागायची वाट बघत असल्यासारखा गंभीर चेहरा. चांगला उंच झोका घ्यायच्या, उतरायच्या, चपला घालून घरी जायच्या. मी रोज त्यांच्यासाठी जायला लागले. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढला आणि मुलं हसली. आपल्याला हे काम आयुष्यभर करता येईल असं मला त्या दिवशी वाटलं. मॅडम मात्र एवढंच म्हणाल्या, "बघता येतंय. आता करून दाखवा."

दुसऱ्या वर्षी ते करून दाखवायला मला घाटकोपरच्या एका दिवसभराच्या केंद्रात पाठवलं. पक्षाघात झालेली माणसं सकाळी यायची, संध्याकाळी घरी जायची. व्यायाम, बोलण्याचा सराव, जेवण, आणि दुपारी आम्ही. जागा कमी आणि रांग मोठी. म्हणून नियम होता की तीन महिन्यांत जो कशातच भाग घेणार नाही, त्याची जागा पुढच्याला द्यायची. नियम चुकीचा नव्हता. रांगेतल्या माणसांनाही घरं असतात.

माझ्या वाट्याला जे काका आले त्यांचे दोन महिने कधीच संपून गेले होते. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने बारीक, उजवा हात लुळा, चालायला काठी. बोलणं गेलेलं. म्हणजे समजायचं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "नाय." भूक लागली तरी "नाय," पोट भरलं तरी "नाय." सोमवारी आमच्या मॅडमही केंद्रात बसायच्या; त्यांनी सांगितलं होतं की अशा माणसांना नावं सर्वांत अवघड जातात. माणसाचं, वस्तूचं, गावाचं, कसलंही नाव. वस्तू डोळ्यांसमोर दिसते, माणूस ओळखू येतो, पण नाव जिभेपर्यंत पोचत नाही.

मी त्यांच्यापुढे माती ठेवली, त्यांनी ती परत डब्यात भरून झाकण लावलं. चेंडू दिला, त्यांनी तो पिशवीत ठेवून पिशवीचा बंद ओढला. पत्ते दिले, त्यांनी डाव्या हाताने नीट गड्डी लावून मला परत केली. राग नाही, त्रागा नाही. मुलांनी पसारा केल्यावर आवरतात तसं सगळं आवरून ठेवायचे आणि खिडकीकडे बघत बसायचे. मी घरी येऊन चिडायची. अंधेरीतल्या फुग्यांची आठवण यायची आणि वाटायचं, तिथेही हेच केलं, इथेही हेच. फक्त फी भरून.

त्यांना रोज सून सोडायला यायची. ती अंधेरीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. मुलगा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, तो पहाटेच बाहेर पडायचा. महिना संपत आला तशी मी तिला नियमाची आठवण करून दिली. ती शांतपणे म्हणाली, "माहितीय ताई. मग मला कुलूप लावून जावं लागेल."

मला आधी कळलंच नाही. "कशाला?" मी विचारलं.

"घराला. यांना आत ठेवून. एकदा शेजारी ठेवलं होतं, तर खाली उतरून रस्त्यावर गेले. नाव-पत्ता सांगता येत नाही. पोलिसांनी आणलं. माझी नोकरी सोडली तर भागत नाही, आणि बाई ठेवली तर माझा पगार तिलाच जाईल." ती काही माझ्याकडून उत्तर मागत नव्हती. फक्त सांगत होती. मग जाताजाता म्हणाली, "काय करता येईल तर बघा. पूर्वी गाणी म्हणायचे. गणपतीत नाचायचे, मंडळ होतं त्यांचं. गावाकडे नाव होतं चांगलं."

हे इतके दिवस का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही छंद विचारला होतात. हे छंदात धरतात काय?"

त्या संध्याकाळी मी घरी येऊन बाबांसमोर बसले. आमच्या त्या बाजूला गणपतीत जाखडी नाचतात. एका पायात घुंगरू बांधून, गोल फिरत, मध्ये मृदंग आणि गाणारा शाहीर. आणि दोन मंडळं समोरासमोर आली की शक्ती-तुऱ्याचा सामना लागतो. शक्तीवाले म्हणतात देवी मोठी, तुरेवाले म्हणतात शंकर मोठा. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. जबाब आला नाही की सगळ्या गावासमोर हार. बाबा तरुणपणी तुरेवाल्यांचे शाहीर होते. मी लहान असताना ते आंघोळ करताना गायचे, आणि आई म्हणायची, पाणी संपलं तरी बारी संपत नाही यांची.

मी त्यांना म्हटलं, "बाबा, मला एक गाणं शिकवा. पेशंटसाठी पाहिजे. जाखडीतलंच."

"गण शिकवू?"

"गण नको, देवाचं आहे. काहीतरी जोरकस द्या. झोपलेला माणूस उठेल असं."

"कुठल्या बाजूचा आहे तो?"

"तुमच्याच असेल. गुहागरकडचाच आहे."

"विचारलंस का?"

"बाबा, माणसाला बोलता येत नाही, त्याला मी काय बाजू विचारू? गाणं ते गाणं."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की याहून मी नापास झाले असते तर बरं, असं त्यांना वाटलं असावं. पण शिकवलं. माझा आवाज बेताचाच, सूर तर विचारूच नका. ते मांडीवर ठेका धरत होते, मी ओरडत होते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, खिडकी तरी लावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्रात सगळे गोल बसलेले असताना मी काकांसमोर उभी राहिले आणि एकदाचं म्हणून टाकलं.

"सांग सभेला शाहिरा रे, मान वर करून,
कुणाच्या जटेत गंगा बसली मुकाट तोंड मिटून?"

काकांनी मान वर केली. आधी त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी डाव्या हाताने समोरचं स्टीलचं ताट उचललं आणि टेबलावर आपटलं. मला वाटलं, वाट लागली, आता हे ताट माझ्या डोक्यात. ताट पुन्हा आपटलं, तिसऱ्यांदा आपटलं, आणि माझ्या लक्षात आलं की तो ठेका आहे. मग त्या माणसाने तोंड उघडलं.

"जटेत गंगा बसली म्हणून थंड झाला भोळा,
नायतर त्या विषाच्या आगीनं जळला असता गळा."

घोगरा आवाज, पण शब्द एकूण एक स्वच्छ. गाऊन झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट रोखलं आणि मान अशी झटकली, की मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. माझ्या बाजूला बसलेल्या आजी टाळ्या वाजवायला लागल्या. मी तिथेच खुर्चीत बसले. काका शक्तीवाले होते. मी त्यांना भर सभेत तुऱ्याचा सवाल टाकला होता, तोही बाईमाणसाने, तोही बेसूर.

मॅडमना फोन केला तेव्हा मी इतक्या जोरात बोलत होते की त्यांनी मला श्वास घ्यायला सांगितलं. त्या खूश झाल्या, पण हुरळल्या नाहीत. म्हणाल्या, पाठ असलेलं गाणं मेंदूत वेगळ्या जागी असतं. बोलता न येणारी पुष्कळ माणसं गाऊ शकतात. त्यावरून ते बोलायला लागतील असं घरच्यांना सांगू नका. पण ते भाग घेतायत हे खरं. पुढे चालवा.

पुढे कसं चालवणार? दुसऱ्या दिवशी मी तोच सवाल टाकला तर काका म्हणाले, "नाय," आणि खिडकीकडे वळले. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "मग? जबाब मिळालेला सवाल पुन्हा टाकतात होय? तो तुला वेडी समजला असेल." मी दुसरा शिकून गेले, तो म्हटला, त्यांनी जबाब दिला. पण माझा ठेका चुकला की ते गाणं थांबवून ताटावर बरोबर ठेका वाजवून दाखवायचे आणि मी तो उचलेपर्यंत पुढे जायचे नाहीत. एका दुपारी तर सगळा वेळ त्यातच गेला. शेवटी मी बाबांना म्हटलं, "तुम्हीच चला."

बाबा आढेवेढे घेतील असं वाटलं होतं. पण त्यांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला, माळ्यावरची झांज उतरवून चिंचेने घासली आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मनात जुळवाजुळव चालू होती. मी त्यांना एवढंच सांगितलं की काका आजारी आहेत, दमवू नका. नावं अवघड जातात हे सांगायला हवं होतं, ते राहिलं.

मी मुद्दाम शुक्रवार धरला होता. त्या दिवशी केंद्राचे डॉक्टर कुणाची जागा ठेवायची आणि कुणाची नाही ते ठरवायला येणार होते. म्हटलं, बघू देत डोळ्यांनी. बाबा आत आले, आणि मी 'हे माझे बाबा' म्हणेपर्यंत काकांना बघून त्यांनी झांज कपाळाला लावली. काकांनी ताट कपाळाला लावलं. एरवी पाणी द्यायला आलेल्या माणसाकडेही न बघणारा हा माणूस, पण खुर्चीत सरळ होऊन बसला. पहिला सवाल, पहिला जबाब. दुसरा सवाल, दुसरा जबाब. हॉलमध्ये मजा यायला लागली. डॉक्टरही हाताची घडी सोडून पुढे झुकले. मी सुनेला हळूच मेसेज केला की काम झालंय.

मग बाबांनी तिसरा टाकला.

"तीन पायांवर उभा कोण तो शंभूच्या दारात?
नाव सांग नि मगच मिरव तू चार लोकांत."

काकांनी ताट वाजवायला घेतलं. ठेका धरला. तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पुन्हा ठेका, पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. बाबा झांज धरून थांबले होते, नियमाप्रमाणे. मी त्यांना नजरेने खुणावत होते की बस करा, काहीतरी म्हणा, हसण्यावारी न्या. ते माझ्याकडे बघतच नव्हते. शेवटी काकांनी ताट खाली ठेवलं, काठीने खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पाठ गाणी आली, त्यापुढे काही आलं नाही. हे बऱ्याच जणांना येतं, याला सुधारणा म्हणता येत नाही. आणि इतर कशातही ते भाग घेत नाहीत. सोमवारपासून दुसऱ्याला बोलवू. मी वाद घातला, आवाजही चढवला. उपयोग झाला नाही.

परत येताना रिक्षात मी बाबांवर तुटून पडले. "तीन पायांवर कोण म्हणे. त्यांच्या हातात काठी आहे ते दिसत नव्हतं तुम्हाला? आजारी माणसाला टोमणा मारता?"

बाबांचा चेहरा उतरला. ते खरंच दचकले होते. "काठी? अगो, देवाशपथ, माझ्या डोक्यात पण नव्हतं ते. मी भृंगीचं विचारलं. ऋषी होता. तो एकट्या शंकराला प्रदक्षिणा घालायचा, पार्वतीला मुद्दाम वगळायचा. ती रागावली, तिनं त्याच्या अंगातलं रक्तमांस काढून घेतलं. त्याला उभं राहवेना. मग शंकराने तिसरा पाय दिला."

"म्हणजे यात देवीच मोठी ठरली. तुमच्या विरुद्धचंच झालं हे."

"मग! शक्तीवाल्यांच्या घरात हे पोरंसोरं सांगतात. त्याने नाव घेतलं असतं तर मी हरलो असतो."

"मग विचारलंत कशाला?"

"समोर शाहीर बसलेला. त्याला काय पोरखेळातलं विचारू?"

"बाबा, त्यांना नावच घेता येत नाही. सुनेचं नाव येत नाही, स्वतःचं येत नाही. तुम्ही नेमकं नाव मागितलंत. आणि आता ती बाई त्यांना आत ठेवून कुलूप लावणार आहे." मला रडायला आलं आणि त्याचाही राग आला. भांडुप येईपर्यंत बाबांनी झांज तीनदा रुमालात गुंडाळली. मग म्हणाले, "मला आधी सांगायचंस ना." हे खरं होतं, म्हणून मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात त्या खुर्चीवर दुसरे एक गृहस्थ आले. ते पहिल्याच दिवशी आवडीने माती मळायला लागले. मला ते अजिबात आवडले नाहीत. गुरुवारी सुनेचा फोन आला. तक्रार नव्हती. "विचारायचं होतं ताई, हे सकाळपासून चपला घालून दारासमोर खुर्ची टाकून बसतात. मी कामावर जाताना तसेच, परत येते तेव्हाही तसेच. जेवण झाकलेलं असतं. गावी जायचं असेल काय यांना? तुम्हाला काही कळलं होतं का?" मी म्हटलं, मी येते.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिला घाटकोपर स्टेशनबाहेर भेटले आणि आम्ही चालत तिच्या घरी गेलो. तिने कुलूप काढलं. दार उघडल्याबरोबर समोर काका. खुर्चीत, चपला घालून, काठी गुडघ्यांत धरून. सुनेकडे त्यांनी बघितलं नाही. मला पाहिलं मात्र, आणि त्यांच्या मानेच्या शिरा पुन्हा तशाच ताणल्या.

"भ," ते म्हणाले. थांबले. डोळे मिटले. "भृं. भृंगी."

गाणं नाही, ठेका नाही. नुसतं बोलले. मी हलले नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी जरा चिडून, मला कळलं नाही असं समजून. "भृंगी." आणि मग काठी माझ्या दिशेने उचलून, एकेक शब्द ओढून काढत, "सांग. बापाला."

सून दाराला टेकली. "काय म्हणाले? कोण हा?" मी सांगितलं. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझं नाव नाही आलं अजून." आणि पदराने डोळे पुसून लगेच हसली सुद्धा. "येऊ दे. याचं तर आलं."

मी काकांना म्हटलं, "मी नाही सांगणार. सवाल त्यांनी टाकलाय, जबाब तुम्ही द्यायचा. माझं काय मध्ये?"

काका उठले. काठी टेकून, कुणी हात न लावता. "चल," म्हणाले.

आम्ही तिघं रिक्षात बसलो. एलबीएस रोडला नेहमीचा खोळंबा. विक्रोळी येईपर्यंत मी मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. काकांना म्हटलं, सांगा. त्यांनी तोंड फिरवलं. जबाब काय वाटेत कुणालाही द्यायचा असतो? मग मीच सांगितलं, की पाठ नसलेलं नाव घेतलं, दोन शब्द जोडून वाक्य केलं, स्वतःहून. मॅडमनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "सोमवारी घेऊन या. खुर्ची नसली तर माझी देते. डॉक्टरांशी मी बोलते." सुनेने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मुलुंडला बाबांनी दार उघडलं ते बनियन आणि लुंगीवर. काकांना बघताच ते तडक आत गेले. काका उंबऱ्याशी उभे. मी म्हटलं, बसा तरी. "नाय." बाबा शर्ट घालून, बटणं लावून बाहेर आले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले.

काकांना वेळ लागला. आईने गॅस बंद केला, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून. आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे बघत होतो. "भृंगी," ते म्हणाले.

बाबांनी कानाच्या पाळीला हात लावला. "हरलो," ते म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून, "बसा. आता बारी तुमची. सवाल टाका."

काका बसले. घामाने त्यांचा सदरा भिजला होता. त्यांनी बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, सुनेने दिलेलं पाणी प्यायले. आणि ग्लास खाली ठेवून, फार दमलेल्या आवाजात, पण अडखळून का होईना अख्खा शब्द म्हणाले.

"सोमवारी."